खुशालरावांचं नाक

खुशालराव भुयार आमच्या सुखकर्ता कॉलनीत भाड्याने राहायला आले, तेव्हा आम्हाला वाटलं की हा माणूस आपली टिंगल करायला आला आहे. ज्या कारखान्याच्या वासाने कॉलनी हैराण होती, तो कारखाना त्यांचाच होता. त्याच्याविरुद्धच्या तक्रारीवर सही करणाऱ्यांत मीही होतो, आणि सही ठळक केली होती.

आमची कॉलनी अमरावतीच्या टोकाला, वलगाव रस्त्याच्या बाजूला आहे. मागे नाला आणि नाल्यापलीकडे कारखान्याची लांबलचक भिंत. तिथे कोंबडीखत तयार होतं. आसपासच्या पोल्ट्री फार्मांवरची ओली घाण ट्रॉल्यांतून यायची. एका मोठ्या फिरत्या ड्रममध्ये ती भाजून वाळवायची, मग तिच्या बारीक गोळ्या पाडून पोत्यांत भरायच्या. मोर्शीकडचे संत्रावाले हे खत आवडीने नेत.

खुशालराव वलगावच्या शेतकरी घरातले. त्यांनी हे काम सुरू केलं तेव्हा चारही बाजूंना तुरीची शेतं होती. लोकांना त्रास नको म्हणून त्यांनी मुद्दाम गावाबाहेरची जागा घेतली होती. पुढे शहर वाढत वाढत त्यांच्या भिंतीशी आलं. म्हणजे आम्हीच आलो. मी प्लॉट पाहायला आलो होतो तो उन्हाळ्यातल्या भर दुपारी, आणि तेव्हा वासबीस काही आला नव्हता.

तो कळला हिवाळ्यात. सकाळी दूध आणायला दार उघडलं की घशात काहीतरी बसायचं. डोळे चुरचुरायचे. दोरीवरच्या कपड्यांत शिरलेला वास इस्त्रीनेही जायचा नाही. उलट इस्त्री फिरवली की जास्त यायचा. गंमत अशी, की काही दिवस अगदी काहीच नसायचं. मग कोणीतरी म्हणायचं, आज मालकाने मेहरबानी केली. आमचे लोक तक्रार घेऊन जात तेव्हा खुशालराव फाटकाशी उभे राहून नाक वर करून हुंगत आणि शांतपणे विचारत, "वास? कोनता वास?" आम्हाला तो निव्वळ निगरगट्टपणा वाटायचा.

शेवटी ॲडव्होकेट अनुपमा देव यांनी प्रकरण हातात घेतलं. अनुपमाताई जिल्हा न्यायालयात वकिली करतात आणि आमच्याच गल्लीत राहतात. त्यांनी प्रदूषण खात्याकडे इतका पाठपुरावा केला की तिथून केदार नावाचा एक तरुण इंजिनिअर यंत्र घेऊन आला. त्याने मोजमापं घेतली आणि जानेवारीच्या सुरुवातीला कॉलनीच्या गणपती मंदिराच्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं.

यंत्राप्रमाणे अमोनिया मर्यादेच्या आत होता. धूळही मर्यादेच्या आत.

"म्हणजे वास नाही?" अनुपमाताईंनी विचारलं.

"वास आहे. मला आत्ता इथे बसूनही येतोय," केदार म्हणाला. "पण हे यंत्र एकेक वायू वेगळा मोजतं. वासात कितीतरी गोष्टी मिसळलेल्या असतात. त्यातली एखादी इतकी कमी असते की यंत्राला कळत नाही, नाकाला मात्र कळते."

"मग नाकाचं ऐका."

"कोणाच्या नाकाचं? तुम्ही म्हणता सहन होत नाही. हे म्हणतात येतच नाही."

खुशालराव उठून उभे राहिले. उंच माणूस, अंगात पांढरा सदरा. "साहेब, हे लोक खोटं बोलून राहिले असं मी म्हनत नाई. पन मले खरंच काई येत नाई. शपथेवर सांगतो. आता मी काय करू?"

हॉलमध्ये हशा पिकला. केदार हसला नाही. तो अकोल्याचा, दालमिलला लागून असलेल्या घरात वाढलेला. त्याने सांगितलं की लहानपणी त्याला मिलचा वास माहीतच नव्हता. कॉलेजसाठी होस्टेलला गेला आणि दिवाळीला घरी आला, तेव्हा दारातच थबकला. आईला विचारलं, हा कसला वास गं? आई म्हणाली, कसला?

"तेच झालंय तुमचं," तो खुशालरावांना म्हणाला. "रोज तोच वास आला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं."

"म्हंजे माह्यं नाक मेलं?"

"मेलं नाही. काही आठवडे कारखान्यापासून लांब राहिलात तर बहुतेक परत येईल."

"मग राहा ना लांब," अनुपमाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "आणि परत आलात की कारखान्यात जाऊ नका. आमच्या गल्लीत येऊन राहा. म्हणजे कळेल."

त्या हे रागात बोलल्या होत्या. सभा तशीच उठली आणि त्या वाक्याचा पुढे कोणी विचारही केला नाही. खुशालरावांनी मात्र केला.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी काय झालं ते मला त्यांनीच नंतर सांगितलं, आमच्या ओट्यावर बसून. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई भाकरी थापत होत्या. हे दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

"अवं, माह्या अंगाले वास येते काय?"

"आज काहून विचारून राहिले?"

"सांग ना."

"येते," सुभद्राबाई म्हणाल्या. "कपड्याले येते, केसाले येते. तुमचे कपडे मी वेगळ्या बादलीत भिजोतो, ते कशाले वाटलं तुमाले?"

"तू कधी बोलली नाई."

"बोलली होती सुरवातीले. तुमी म्हनले, कोनता वास. मंग मी सोडून देल्लं." तव्यावरची भाकरी उलटून त्या पुढे म्हणाल्या, "लग्नाकार्यात तुमच्या बाजूची खुर्ची रिकामी राह्यते. तुमाले वाटते लोक मान देऊन राहिले."

हे सांगताना खुशालराव माझ्याकडे पाहत नव्हते, ओट्यावरच्या मुंग्यांकडे पाहत होते. "नारायणराव, मले खरंच तसंच वाटे," ते म्हणाले.

कारखाना त्यांनी डोमाजीवर सोपवला. डोमाजी त्यांचा सुरुवातीपासूनचा माणूस, ड्रमपासून ट्रॉल्यांपर्यंत सगळं पाहणारा. आणि स्वतः मोर्शीजवळ बहिणीच्या संत्र्याच्या बागेत जाऊन राहिले. तेव्हा झाडांवर आंबिया बहार होता. माणसं फुलांच्या वासाने गुंगतात असे ते दिवस, आणि हे झाडाखाली उभे राहून फूल नाकाला लावायचे तर कागद हुंगल्यासारखं. बहीण म्हणाली, "दादा, तुले सर्दी झाली."

पहिला वास आला तो करपलेल्या दुधाचा. सकाळी अंगणात दात घासत होते आणि एकदम ओरडले, दूध लागलं पाहा. बहीण धावली, दूध खरंच लागलं होतं. तिच्या दृष्टीने विशेष काही नव्हतं. खुशालराव मात्र हातातला ब्रश तसाच धरून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि तिने पातेलं घासायला टाकलं तरी हलले नाहीत.

मग एकेक दार उघडत गेलं. बैलांची पेंड, ओली माती, भाच्याच्या वह्या, मेहुण्यांची तंबाखू. जे हाताला येईल ते हुंगून पाहायचे. बहिणीला काळजी वाटू लागली. एका पहाटे फुलांचा वास इतका आला की डोकं जड झालं, असं ते म्हणाले. एवढी वर्षं ह्याच बागांना खत पुरवलं आणि बहर कसा असतो ते ठाऊकच नव्हतं.

थंडी वाढली म्हणून एके दिवशी त्यांनी बॅगच्या तळाशी ठेवलेलं जाकीट काढायला घेतलं. निघताना कारखान्यातल्या खुंटीवरचं जाकीट तसंच कोंबलेलं होतं. चेन उघडली आणि ते मागे सरले. त्यांना वाटलं, बॅगेत उंदीर मेला. पुन्हा वाकून पाहिलं. उंदीर नव्हता.

"ते जाकीट मी गोठ्यात टांगलं," ते मला म्हणाले. "घरात न्याची हिंमत नाई झाली. आन् सुभद्रेले फोन लावला. जेवली का, एवढंच विचारलं."

फेब्रुवारीच्या मध्यावर ते परतले आणि थेट आमच्या गल्लीत उतरले. माझ्या घराला लागून मैनाबाईंचं घर आहे. त्यांच्या माडीवरची खोली त्यांनी घेतली. मैनाबाई एकट्याच राहतात आणि फटकळ बोलण्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांनी भाडेकरूला पहिल्या दिवशीच सांगितलं, "खोली देतो, पन खिडकी बंद करू देनार नाई. आमी भोगतो ते तुमीबी भोगा." खुशालराव म्हणाले, त्याच्यासाठीच आलो बाई.

आणि मग काही झालंच नाही. सकाळमागून सकाळ स्वच्छ गेली. एकदा तेवढा भाजल्यासारखा हलका वास येऊन गेला. गल्लीत कुजबुज सुरू झाली की डोमाजीला सांगून भट्टी बंद ठेवली आहे, आता वास नाहीच म्हणून लिहून देतील. अनुपमाताई तर त्यांच्याशी बोलतही नव्हत्या. मी मात्र रोज सकाळी गच्चीवरून त्यांच्याकडे पाहायचो. खिडकीशी बसून, मान थोडी वर करून वाट पाहत असायचे. मला हळूहळू त्यांच्याविषयी कुतूहल वाटायला लागलं होतं. माणूस खोटारडा असता तर इतक्या चिकाटीने कशाला बसला असता?

मग एक सकाळ अशी आली की हवा हलत नव्हती आणि गारठा चांगलाच होता. उजाडता उजाडता माझं दार वाजलं. खुशालराव मफलर गुंडाळून उभे होते, चेहरा उतरलेला.

"नारायणराव, हे काय हाये?"

"हाच तो वास."

"हा माह्या कारखान्याचा नोहे."

मी दार लावायच्या बेतात होतो. त्यांनी हात आडवा धरला. "आयका तं. माह्या ड्रमचा वास भाजल्यावानी राह्यते, मागं एकदा येऊन गेला. हा कच्चा हाये. सडका. चला माह्यासंगं, पाहू कुठून येते."

आम्ही निघालो. कोपऱ्यावर अनुपमाताई फिरायला निघालेल्या भेटल्या. काही न विचारता त्याही सोबत आल्या, बहुधा साक्षीदार म्हणून.

वासाच्या मागे असं चालत जाण्याची माझी ती पहिलीच वेळ. इतकी वर्षं आम्ही खिडक्या लावून घरात बसत होतो, तो येतो कुठून हे पाहायला कोणी बाहेर पडलं नव्हतं. मोठ्या रस्त्याचा चढ चढलो तर वास नाहीसा झाला. खाली उतरलो तर पुन्हा आला. खालच्या गल्लीत तो कमरेएवढ्या पाण्यासारखा साचलेला होता. अनुपमाताईंनी पदर नाकाला लावला. नाल्याच्या पुलावर आम्ही थांबलो. नाल्यात धुक्याचा पातळ थर होता आणि तो अगदी सावकाश आमच्या कॉलनीकडे सरकत होता. पलीकडे कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. तो सरळ वर जात होता, आमच्या डोक्यावरून.

"धूर तर वर चाललाय," अनुपमाताई म्हणाल्या. तक्रारीत आम्ही सगळ्यांनी धुराड्याचंच नाव लिहिलं होतं.

नाल्याच्या काठाकाठाने आम्ही भिंतीच्या मागच्या बाजूला पोचलो. तिथे ट्रॉल्यांसाठी मोठं फाटक आहे. फाटकातून आत पाहिलं तर डोमाजी दोन मजुरांना घेऊन कच्च्या मालाच्या ढिगावरची ताडपत्री गुंडाळत होता. ढिगातून वाफा निघत होत्या. त्या गार, निश्चल हवेत वाफा वर न जाता जमिनीवर पसरून फाटकाखालून नाल्यात उतरत होत्या.

ढीग रात्रभर झाकून ठेवायचा आणि पहाटे उघडून हवा खाऊ द्यायची, म्हणजे कामावर आलेल्या माणसांच्या डोळ्यांना झोंबत नाही. ही पद्धत खुद्द खुशालरावांनीच घालून दिली होती, कामगारांची काळजी म्हणून.

ते फाटकाबाहेरच्या दगडावर बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वासाने की आणखी कशाने ते सांगता येणार नाही. म्हणाले, "माहाच हाये."

डोमाजी मालकांना पाहून आनंदाने पुढे आला. "मालक, कधी आले?"

"डोमाजी, तुले वास येते काय?"

"कशाचा?" डोमाजीने विचारलं.

अनुपमाताईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून खुशालरावांपुढे धरली.

त्यानंतर सगळं झटपट सुधारलं असं नाही. ढीग पहाटे उघडणं त्याच दिवशी बंद झालं, पण मग तो दुपारी उघडल्यावर मजुरांना त्रास व्हायला लागला. तेवढ्यात एका विक्रेत्याने सुगंधी फवारा खुशालरावांच्या गळ्यात मारला. संत्र्याचा. पंपाने तो ढिगावर उडवला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत संत्रं आणि कोंबडीखत यांचा एकत्र वास आला. असला प्रकार मी जन्मात अनुभवला नव्हता. मैनाबाईंनी माडीवर जाऊन भाडेकरूला विचारलं, "खुशालराव, हे काय खाऊन राहिले तुमी?" फवारा तिथेच संपला.

केदारला यात भारी रस वाटू लागला. सुट्टीच्या दिवशीही तो यायचा. ढिगावर बंदिस्त शेड बांधायची, आतली हवा पंख्याने ओढून घ्यायची आणि एका ओलसर थरातून सोडायची, ही कल्पना त्याची. थरात काय घालायचं हे खुशालरावांनी ठरवलं. त्यांनी पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा, भुगा आणि शेणखत घातलं. पऱ्हाटी वऱ्हाडात हवी तेवढी. थरातले जंतू वास खाऊन टाकतात, असं केदार म्हणाला. खुशालराव रोज त्या थराशी जाऊन वाकून हुंगायचे आणि कोरडा वाटला तर पाणी मारायला सांगायचे. पहिल्या वेळी पाणी जास्त झालं आणि थरच कुजला. पुन्हा भरला.

तपासायचं कसं, यावर मात्र वाद झाला. आम्ही म्हणालो, आम्ही सांगू ना. केदार म्हणाला, "काका, रागावू नका, पण तुमचं नाकही आता पूर्ण भरवशाचं नाही." आम्ही दुखावलो. पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी गल्लीत वास सुटला आणि सगळे खुशालरावांच्या खोलीखाली जमले. ते निमूट खाली आले, गल्लीभर हुंगत फिरले आणि माझ्या घरामागे जाऊन थांबले. माझंच गटार तुंबलं होतं. मी त्यात बांबू घातला.

शेवटी असं ठरलं की हुंगणारे बाहेरचे असावेत, कॉलनीतले नकोत, कारखान्यातले तर नकोतच. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजमधली मुलं अधूनमधून अचानक येतात, ठरलेल्या कोपऱ्यांवर उभी राहतात आणि वास आहे की नाही, केवढा आहे, कसला आहे ते सांगतात. शेडचं दार कधी उघडायचं, पंखा बंद पडला तर काय करायचं, हे केदारने कारखान्याच्या परवान्यात अटी म्हणून घालून घेतलं. अनुपमाताईंनी प्रत्येक वाक्याचा कीस पाडला. खुशालरावांनी फार घासाघीस केली नाही.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. खुशालरावांनी डोमाजीला सक्तीने सुट्टी दिली. तिवस्याला मुलीकडे जाऊन राहा, म्हणाले. डोमाजी गेला, मजेत राहिला आणि परत आला तो फाटकातच अडकला.

"मालक, हे असंच होतं काय?" त्याने विचारलं.

"असंच होतं."

"मले तं इथं उभं राह्यवत नाई."

खुशालरावांना हसावं की रडावं ते कळेना. ज्या माणसाच्या भरवशावर कारखाना चालायचा, त्याचं नाक त्यांनीच जागं केलं होतं. डोमाजी सरळ म्हणाला की आता ढिगावर मी चढणार नाही आणि या मजूर पोरांनाही चढवू नका. दोघांत कधी नव्हे ती बोलाचाली झाली. काही दिवस डोमाजी आलाच नाही, पुन्हा मुलीकडे जाऊन राहिला. मग खुशालराव तिवस्याला गेले. काय बोलणं झालं ते ठाऊक नाही, पण पुढच्या महिन्यात कारखान्यात बंद केबिनचं लोडर आलं. ते डोमाजी चालवतो. ढिगाला आता कोणी फावडं लावत नाही.

मी एकदा खुशालरावांना विचारलं, नाक परत आल्याचा पस्तावा होतो का? ते म्हणाले, "कारखान्यात डबा खाता येत नाई आता, मैनाबाईच्या माडीवर येऊन खातो. तेवढं सोडलं तं बरं हाये." मैनाबाईंची खोली त्यांनी सोडलेली नाही. थोडे दिवस कारखान्यात गेले की नाक पुन्हा सुस्तावतं, अशी त्यांना धास्ती आहे. म्हणून मधूनमधून इथे राहतात. कधी सुभद्राबाईही येतात, मैनाबाईंशी त्यांचं चांगलं जमतं.

वास पूर्ण गेला का? नाही. हिवाळ्यात एखाद-दुसरी सकाळ येतेच. गेल्या डिसेंबरात पंख्याचा पट्टा तुटला आणि उजाडताच खालच्या गल्लीत तो ओळखीचा दर्प भरला. अनुपमाताईंनी खुशालरावांना फोन लावला तेव्हा मी ताईंच्या फाटकाशीच उभा होतो. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, मले आला वास, मी तिथंच हावो," पलीकडून आवाज आला. मागे डोमाजी कोणाला तरी पाना मागत होता. "पट्टा बदलून राहिलो. दुपारपर्यंत होते. तोवर खिडक्या लावून घ्या."

"ठीक आहे," अनुपमाताई म्हणाल्या. "झालं की कळवा."

त्यांनी खिडक्या लावल्या आणि मला चहाला आत बोलावलं.